आधी थांबता आलं पाहिजे : गाडीच्या ब्रेकविषयी

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, ताई, पापड-लोणचं सोडून हे काय काढलं? आज आपण गाडीच्या ब्रेकबद्दल बोलणार आहोत. तेही साध्या गाडीच्या नाही, दिसायला छोटी पण पळायला जोरदार अशा गाडीच्या. हा विषय आम्ही हौसेनं घेतला नाही. तो आमच्या गटाच्या मासिक बैठकीत आपल्या पायानं चालत आला, तोही कर्जमागणीच्या अर्जात बसून.

झालं असं. आमच्या गटातल्या एका मावशींनी बैठकीत ६०,००० रुपयांच्या अंतर्गत कर्जाची मागणी ठेवली. कारण लिहिलं होतं, ‘मुलाच्या गाडीचे ब्रेक’. त्याच महिन्यात दुसऱ्या एका ताईची ३०,००० रुपयांची मागणी होती, मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी. गटाच्या शिलकीतून दोन्ही भागणं शक्य नव्हतं. अशा वेळी आपल्याला वाटतं, हात वर करा आणि मोकळ्या व्हा. पण ज्या गोष्टीतलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, तिच्यासाठी गटाचे पैसे द्यायचे कसे आणि नाकारायचे तरी कसे? म्हणून आम्ही ठरवलं, निर्णय पुढच्या बैठकीत. आधी ब्रेक म्हणजे काय ते समजून घ्यायचं.

घाटात काय घडलं

मावशींच्या मुलानं जुनी, टर्बो इंजिनची छोटी कार घेतली आहे. गटाचा माल तीच गाडी नेते, डिझेल-पेट्रोलचे पैसे आपण देतो. नवरात्रात पाटणादेवीला पापड, कुरडया, मसाले घेऊन आम्ही चार जणी त्या गाडीतून निघालो. कन्नड सोडलं की औट्रम घाट लागतो, ज्याला आपण नुसतंच कन्नडचा घाट म्हणतो. उतार, वळणं, पुढे ट्रक, मागे ट्रक. मुलगा वेगानं जायचा, वळण आलं की करकचून ब्रेक मारायचा, पुन्हा वेग घ्यायचा. निम्म्या घाटात जळल्याचा वास यायला लागला. पुढच्या वळणावर त्यानं ब्रेक दाबला आणि पाय खाली जातच राहिला. स्पंज दाबावा तसा.

त्यानं दोन-तीन वेळा पटापट ब्रेक मारला, थोडा जोर मिळाला. गिअर खालचा टाकला, हळूहळू हँडब्रेक ओढत गाडी डोंगराच्या बाजूला लावली. आम्ही उतरलो तेव्हा एकीच्याही तोंडून शब्द फुटत नव्हता. अर्ध्या तासानं ब्रेक पुन्हा घट्ट झाला! मुलगा म्हणाला, ‘बघा, काही नाही झालं.’ पण झालं होतं. काय झालं होतं ते कळायला आम्हाला एक महिना लागला. तेच आज सांगतो.

ब्रेक म्हणजे उष्णतेचा खेळ

थंडीत आपण तळहात एकमेकांवर घासतो, ते गरम होतात. ब्रेकचंही तसंच आहे. पळणाऱ्या गाडीत जी शक्ती साठलेली असते, ती ब्रेक घासून उष्णतेत बदलतो आणि ती उष्णता हवेत सोडून देतो.

किती उष्णता? माणसांसकट १२०० किलो वजनाची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगानं चालली आहे आणि तुम्ही तिला पूर्ण थांबवलं. तेवढ्या उष्णतेत चुलीवरचं एक लिटर पाणी उकळीला आलं असतं. फक्त एकदा थांबण्यात! आता घाटाचा हिशोब करा. तीच गाडी २०० मीटर उंचीवरून खाली उतरवली आणि सगळा भार ब्रेकवर टाकला, तर ८० च्या वेगावरून आठ वेळा थांबल्याएवढी उष्णता होते. म्हणजे आठ लिटर पाण्याला उकळी, आणि तीही चार चाकांमागच्या थोड्याशा लोखंडात.

दुसरी गोष्ट वेगाची. वेग दुप्पट झाला की शक्ती दुप्पट होत नाही, चौपट होते. चांगल्या कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर, ४० च्या वेगानं ब्रेक लागल्यापासून गाडी थांबायला साधारण ८ मीटर लागतात. ८० ला साधारण ३२ मीटर. शिवाय समोरचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद तरी जातो. त्या एका सेकंदात ८० च्या वेगाची गाडी २२ मीटर पुढे गेलेली असते. पाऊस पडला, रस्ता ओला झाला की हे अंतर आणखी वाढतं. हे आकडे आम्ही मुलासमोर पाटीवर मांडले तेव्हा तो पहिल्यांदा गप्प बसून ऐकत होता.

पायाचा जोर चाकापर्यंत कसा पोचतो

हे समजायला आम्ही बैठकीत एक प्रयोग केला, तुम्हीही करा. इंजेक्शनच्या सुया काढलेल्या दोन सिरिंज घ्या, एक लहान आणि एक मोठी. मध्ये सलाइनची नळी जोडा. आत पाणी भरा, हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नका. लहान सिरिंज दाबली की मोठीचा दट्ट्या वर येतो. थोडाच येतो, पण जोरानं येतो. आमच्या सर्वात बारीक सुनेनं लहान सिरिंज दाबली आणि सर्वात धिप्पाड वहिनीला मोठीचा दट्ट्या अंगठ्यानं धरून ठेवता आला नाही. बैठकीत हशा पिकला, पण ब्रेकचं अर्धं शास्त्र सगळ्यांना कळलं. पायाजवळ लहान दट्ट्या, चाकाजवळ मोठा दट्ट्या, मध्ये पाइपातून ब्रेक ऑइल.

मग आम्ही मुद्दाम नळीत हवा सोडली. आता लहान सिरिंज पूर्ण दाबली तरी मोठी हलेना. हवा दबते, पाणी दबत नाही. घाटात नेमकं हेच झालं होतं.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, मीठ पावसाळ्यात ओलं होतं तसं. बाजारात मुख्यतः डॉट ३ आणि डॉट ४ या दर्जाचं ऑइल मिळतं. नवं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरलेलं तेच ऑइल १४० अंशांनाही उकळू शकतं. डॉट ४ चा आकडा नव्याला २३०, ओलावा मुरलेल्याला १५५. घाटात ब्रेक तापला, जुनं ऑइल उकळलं, पाइपात वाफेचे बुडबुडे झाले आणि पाय खाली गेला. अर्ध्या तासानं ऑइल थंड झालं, वाफ जिरली, ब्रेक परत आला. म्हणजे ‘काही नाही झालं’ हे खोटं होतं. दुखणं लपून बसलं होतं, पुढच्या घाटात पुन्हा उठलं असतं.

मुलाला विचारलं, ऑइल कधी बदललं? त्याला माहीत नव्हतं. दर सर्व्हिसिंगला इंजिन ऑइल बदललं जात होतं, ब्रेक ऑइलकडे कुणी पाहिलंच नव्हतं. गाडीच्या पुस्तकात मुदत लिहिलेली असते, बहुतेक गाड्यांना ती दोन वर्षांच्या आसपास असते.

डिस्क आणि ड्रम

चाकामागे दोन प्रकारचे ब्रेक असतात. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी लोखंडी ताटली असते आणि तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटीत पकडतात. त्या चिमट्याला कॅलिपर म्हणतात. ताटली उघडी असल्यामुळे लवकर थंड होते. ड्रम ब्रेकमध्ये फिरणारा डबा असतो आणि आतून दोन लायनर डब्याच्या भिंतीवर दाबले जातात. डबा बंद असल्यामुळे उष्णता आत कोंडते, पण तो स्वस्त पडतो आणि हँडब्रेकला सोयीचा असतो.

ब्रेक लागला की आपण सगळ्या पुढे झुकतो. गाडीचं वजनही तसंच पुढे येतं. म्हणून थांबवण्याचं बरंचसं काम पुढची चाकं करतात. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात, ते याच कारणानं.

जोरदार छोट्या गाड्याही याला अपवाद नसतात. पुण्याजवळच्या चाकणला २००९ पासून फोक्सवॅगनची पोलो बनायला लागली. तिचा पोलो जीटी टीएसआय हा टर्बो प्रकार २०१३ साली आला, १०५ अश्वशक्तीचा. पोरांमध्ये त्या गाडीची अजूनही चर्चा असते, जरी २०२२ मध्ये पोलोचं इथलं उत्पादन थांबलं. तिलाही पुढे डिस्क, मागे ड्रमच होते. २०१६ साली बाहेरून आणलेली पोलो जीटीआय आली, भारतासाठी फक्त ९९ गाड्या. तिचं इंजिन १८० अश्वशक्तीच्या वरचं होतं, तिला चारही चाकांना डिस्क होत्या. यातून एक शिकायचं : गाडी बनवणारे इंजिन, वजन, टायर आणि ब्रेक यांचा मेळ घालून देतात. एक बाजू आपण वाढवली की मेळ बिघडतो.

आणि इथेच मावशींच्या मुलाचं गुपित बाहेर आलं. त्यानं वर्षापूर्वी गाडीचं इंजिन ‘ट्यून’ करून घेतलं होतं. ताकद वाढवली होती, ब्रेक होते तेच. आईला सांगितलं नव्हतं. आता मोठ्या ब्रेकची निकड त्याला त्यामुळे वाटत होती. मावशींना भर बैठकीत ते कळलं. त्या काही बोलल्या नाहीत, पदर सावरून खाली बघत बसल्या. त्या दिवशी कर्जाच्या अर्जापेक्षा मोठा प्रश्न पुढ्यात आला होता : आपण ब्रेकला कर्ज देतोय की वेगाला?

मोठ्या ब्रेकनं काय होतं, काय होत नाही

मुलाच्या यादीत मोठ्या डिस्क होत्या, मोठे कॅलिपर होते, खास पॅड होते, आणि लाल रंगही होता. आम्ही एक-एक गोष्ट तपासली. आमच्या ओळखीतले एक मिस्तरी बैठकीला आले आणि त्यांनी शांतपणे समजावलं.

*मोठी डिस्क.* जात्याचा खुंटा कडेला असतो, मधोमध नाही, कारण कडेला धरून फिरवायला जोर कमी लागतो. तसंच मोठ्या डिस्कला पॅड मध्यापासून लांब पकडतो, म्हणून त्याच दाबात जास्त थांबवतो. २५६ मिलिमीटरऐवजी २८८ मिलिमीटरची डिस्क बसवली तर हा फायदा साधारण आठव्या हिश्श्याएवढा. शिवाय लोखंड जास्त म्हणजे उष्णता साठवायची जागा जास्त. वारंवार ब्रेक लागणाऱ्या कामात याचा खरा उपयोग होतो. पण डिस्क रिमच्या आत बसली पाहिजे. नाहीतर रिम, टायर सगळंच बदलावं लागतं आणि खर्च फुगतो.

*मोठे कॅलिपर.* दट्ट्या मोठा म्हणजे जोर जास्त, पण त्याला ढकलायला ऑइलही जास्त लागतं. सिरिंजचा प्रयोग आठवा. पायाजवळचा भाग तोच ठेवून पुढचा फार मोठा केला, तर ब्रेक खूप खाली जाऊन लागतो. आणि पुढचा-मागचा तोल बिघडला तर त्याहून वाईट. मागची चाकं आधी अडकली की गाडी स्वतःभोवती फिरते.

*भोकं पाडलेल्या डिस्क.* दिसायला छान. पण फार तापल्या की भोकांपाशी तडे जाऊ शकतात. रोजच्या वापराला साधी, चांगल्या प्रतीची, मधून हवा खेळणारी डिस्क पुरते.

*शर्यतीचे पॅड.* हे तापल्यावर चांगले पकडतात, थंड असताना कमी पकडतात. सकाळी घरातून निघताना पहिल्याच चौकात पोर आडवं आलं तर काय? रोजच्या गाडीला थंडपणीही पकडणारेच पॅड हवेत.

*लाल रंग.* त्यावर मिस्तरी नुसतेच हसले.

आणि सगळ्यात महत्त्वाचं त्यांनी शेवटी सांगितलं. ब्रेक चाकाला थांबवतो; गाडीला थांबवतो तो टायर. रस्त्याला टेकलेला प्रत्येक टायरचा तुकडा आपल्या तळहाताएवढा असतो. तुमच्या आहे त्या ब्रेकनं चाक अडकण्याइतका जोर येत असेल, किंवा एबीएस सुरू होत असेल, तर एका वेळच्या थांबण्यात मोठा ब्रेक काही अंतर वाचवत नाही. तिथे टायरची पकड संपलेली असते. मोठा ब्रेक कामी येतो तो पुन्हा पुन्हा, तापत तापत थांबावं लागतं तिथे.

मग ते उठले आणि मुलाच्या गाडीचे टायर पाहिले. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३१६ असेल तर २०१६ सालचा तेविसावा आठवडा. मुलाच्या गाडीचे टायर आठ वर्षांचे निघाले, रबर कडक झालेलं, कडेला बारीक चिरा. खाचांच्या आत उंचवट्याची खूण असते, टायर झिजून तिला टेकला की बदलायचा. त्या वेळी खाच १.६ मिलिमीटर उरलेली असते. दोन टायर त्या खुणेला टेकले होते. आणि अशा टायरवर तो २८८ ची डिस्क लावायला निघाला होता.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीनं गाडीची जी मूळ माहिती दिलेली असते तिच्याशी नोंदणी पुस्तकातल्या बाबी जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे स्पष्ट केलं. झिजलेले पॅड, लायनर, डिस्क त्याच मापाच्या नव्या घालणं ही दुरुस्ती झाली, त्यात अडचण नाही. पण इंजिनची ताकद वाढवणं, वेगळ्या मापाचे भाग बसवणं, यापूर्वी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा आणि उत्तर लेखी घ्या. अपघातानंतर विमा कंपनीनं बोट दाखवलं तर भोगावं घरच्यांना लागतं.

गटानं काय ठरवलं

पुढच्या बैठकीत आम्ही कामांची यादी क्रमानं मांडली. आधी ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवं भरणं आणि पाइपातली हवा काढणं. मग पुढचे पॅड, मागचे ड्रम उघडून साफ करणं, लायनर तपासणं. रबरी पाइप चिरलेत का पाहणं. चारही टायर नवे. सगळं मिळून अंदाज निघाला २४,००० रुपये.

गटानं २४,००० मंजूर केले आणि अट घातली : इंजिन मूळ स्थितीत आणायचं, आणि काम होऊन गाडी मिस्तरींनी चालवून पाहीपर्यंत गटाचा माल आणि गटातली एकही बाई त्या गाडीत बसणार नाही. नर्सिंगच्या फीचे ३०,००० ही त्याच दिवशी मंजूर झाले.

मुलगा रागावला. आठ दिवस आईशी धड बोलला नाही. मावशी आमच्याकडे येऊन म्हणाल्या, ‘ताई, पोरगं घरात जेवत नाही, मी काय करू?’ आमच्याकडे तरी काय उत्तर होतं? एवढंच म्हणालो, मावशी, तो रागावलेला परवडेल. शेवटी त्यानं काम केलं. दिवाळीनंतर आम्ही पुन्हा तो घाट उतरलो, या वेळी गिअरमध्ये, सावकाश. वास आला नाही. मुलगा म्हणाला, पैसे जमले की मोठ्या डिस्क घालणारच. घालू दे, आरटीओत विचारून, आपल्या कमाईतून. पण ऑइल आणि टायर आधी, हे त्याला आता सांगावं लागत नाही.

आपल्या दारातल्या गाड्या

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठली टर्बो कार? पण स्कूटी आहे, नवऱ्याची मोटारसायकल आहे, मालाचा टेम्पो आहे. ब्रेकचं शास्त्र सगळीकडे एकच. आणि आपला जिल्हा तर या कामाचं माहेर आहे. वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे, तिथेच एन्ड्युरन्स कंपनी दुचाकींचे डिस्क ब्रेक बनवते. शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जुळवल्या जातात. आपल्याच गावांतली पोरं-पोरी तिथे ब्रेकचे भाग हाताळतात. मग आपल्याला त्याची ओळख नको का?

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना सीबीएस किंवा एबीएस सक्तीचं झालं आणि १२५ सीसीच्या वर एबीएस. सीबीएस म्हणजे एक ब्रेक दाबला तरी पुढचं आणि मागचं दोन्ही चाक थांबायला मदत होते. एबीएस म्हणजे चाक पूर्ण अडकू न देणारी यंत्रणा. चाक फिरत राहतं म्हणून गाडी वळवता येते. कारलाही एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. एबीएसच्या कारमध्ये अडचणीच्या वेळी ब्रेक जोरात दाबून धरायचा. पायाखाली थरथर जाणवते, घाबरून पाय सोडायचा नाही.

आता या गोष्टी वहीत लिहून ठेवा.

१. घाट ज्या गिअरमध्ये चढतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचा. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करून किंवा बंद करून सोडायची नाही. इंजिन बंद झालं की कारच्या ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते, मग ब्रेक दगडासारखा कडक होतो.

२. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका. दाबा, वेग कमी करा, सोडा. त्याला थंड व्हायला वेळ द्या.

३. जळका वास आला, ब्रेक खाली जायला लागला, गाडी एका बाजूला ओढायला लागली, लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, तर थांबा. चाकावर पाणी ओतू नका, तापलेल्या डिस्कला तडा जाऊ शकतो.

४. ब्रेक ऑइलच्या डबीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन खुणा असतात. पातळी खाली गेली म्हणजे पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळती आहे. नुसतं ऑइल ओतून गप्प बसू नका. टोपणावर जो दर्जा लिहिलाय तोच घाला, आणि सील फोडलेली जुनी बाटली वापरू नका.

५. पॅड ३ मिलिमीटरच्या आसपास उरले की बदला. दोन्ही बाजूंचे एकदम बदला. बिल घ्या. फार स्वस्तात ‘कंपनीचा’ म्हणून मिळणारा भाग कंपनीचा असेलच असं नाही.

६. नवे पॅड घातल्यावर पहिल्याच दिवशी घाटात जाऊ नका. मोकळ्या रस्त्यावर आठ-दहा वेळा मध्यम वेगावरून हलका ब्रेक लावून पॅड डिस्कवर बसू द्या.

७. ब्रेकची धूळ तोंडानं फुंकू नका, कोरडी झटकू नका. काही जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, तो फुप्फुसाला घातक असतो. ओल्या फडक्यानं पुसा. गॅरेजात काम करणाऱ्या आपल्या मुलांनाही हे सांगा.

८. टायरची हवा आणि टायरचं वय पाहा. गाडीत माल ठासून भरला की थांबायला जास्त जागा लागते आणि ब्रेक जास्त तापतो, हे चालवणाऱ्याला बसण्याआधीच सांगा.

मैत्रिणींनो, बैठकीत कर्ज मागायला आलेल्या बाईला आपण विचारतो, शेळी कोणत्या जातीची, शिलाई मशीन कोणतं, परतफेड कशी करणार. गाडीचं नाव निघालं की मात्र आपण गप्प बसतो, ते पुरुषांचं काम म्हणून. पण त्या गाडीत आपणच बसलेल्या असतो. पुढच्या बैठकीत दोन सिरिंज आणि एक नळी घेऊन या, प्रयोग करून बघा. आणि आज घरी गेल्यावर दारातल्या स्कूटीचा ब्रेक एकदा दाबून पाहा, किती खाली जातो ते.